पोरांच्या हातची शिकरण

गळिताचा हंगाम सुरू झाला की घरात पोरांकडे बघायला कुणाला सवड नसते. शिवारात तोड, वाहनाची वाट, घरी वैरण नि धारा. पोरगं शाळेतून येतं आणि चहा-बटरावर भागवतं. अशा दिवसांत एखादी संध्याकाळ काढून पोरांना घेऊन शिकरण करावी. तिला चूल लागत नाही, विळी लागत नाही.

चार माणसांना चार केळी, तापवून पूर्ण गार केलेलं अर्धा लिटर दूध, दोन-तीन वेलदोडे आणि साखर. केळं सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्यावं. केळं पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर होते. हे पोरांना सांगत बसू नये. एक ठिपक्याचं नि एक हिरवट केळं चाखायला द्यावं, त्यांचं त्यांना कळतं.

हात धुऊन सगळ्यांना खाली बसवावं. चार वर्षांच्यानं केळी सोलावीत. सहा-सात वर्षांचं पोर चमच्याच्या कडेनं छान चकत्या करतं. थोरल्यानं खलबत्त्यात वेलदोडे कुटावेत. अगदी तान्ह्या-रांगत्याला चकती देऊ नये, घशात अडकते. त्याच्यासाठी केळं कुस्करावं. पातेलं मोठं घ्यावं आणि सांडणार हे धरूनच चालावं. आमच्याकडं पहिल्या दिवशी निम्मं दूध सतरंजीनं प्यालं! "सरक, मी करते" हे वाक्य तेवढं त्या दिवशी गिळायचं. "मुलग्याला कशाला हे बायकी काम?" म्हणणाऱ्या आत्याबाईंना पहिली वाटी त्याच्याच हातून द्यावी.

साखर आधी दुधात विरघळवावी, मग केळी घालावीत. कारखान्याच्या पत्रिकेत साखर बेतानं घाला म्हणणं संपादकांना रुचेल की नाही, ठाऊक नाही. पण केळं पिकलेलं असलं की सगळ्यांत मिळून दोन-तीन चमचे पुरतात. सवलतीची साखर घरात आहे म्हणून ओतायची नसते. शिकरण केल्या केल्या खावी. कापलेलं केळं हवेनं काळं पडतं. त्यावर लिंबू पिळायला जाऊ नये, दूध नासेल.

खरी अडचण दुधाचीच आहे. गोठ्यात दोन-दोन म्हशी, पण दोन्ही वेळचा कॅन डेअरीला जातो आणि घरात चहापुरतं दूध राहतं. "आपल्या म्हशीचं दूध कुठं जातं गं?" असं मी धाकटीला विचारलं. "डेअरीला," म्हणाली, आणि परत खेळायला पळाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, मला मात्र लागलं. दहा दिवसांच्या बिलात अर्ध्या लिटरचे पैसे कमी येतील ते येऊ देत.

आमच्याकडं आता शनिवारी संध्याकाळी आधी घरचं माप काढतात, मग कॅन भरतो. मापाचं काम धाकटीकडं आहे, आणि ती ते शिगोशीग भरते.