नीरेच्या डाव्या कालव्यावरचा अभ्यासक्रम

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगरला छत्रपती कारखान्याचं धुराडं दिसतं आणि सभोवार ऊस. इथल्या बारावी झालेल्या पोराला पुढचं विचारलं तर उत्तरं ठरलेली: ॲग्री, इंजिनिअरिंग, नाहीतर थेट एमपीएससी. माती, पाणी, जंगल, गवत यांचं जतन हाही पदवीचा विषय आहे म्हटलं, की घरून पहिला प्रश्न येतो: नोकरी कुठं लागते? प्रश्न रास्त आहे. पण आधी हा विषय या मातीतला किती जुना आहे, ते बघू.

१८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. १८८५ मध्ये पाणी सुटलं, १८९२ मध्ये भाटघर धरण पुरं झालं. पाणी बारमाही झालं, ऊस वाढला आणि पाठोपाठ जमिनी उपळायला लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच काढली. म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षं होतात न होतात तोच दुखणं कागदावर आलं होतं. पुण्यातच इंजिनिअरिंग शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी त्याआधीच या कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली: उसाचं क्षेत्र मर्यादित, पाळीपाळीनं फिरतं, बाकी रानात कमी पाण्याची पिकं. ती पद्धत पुढं मागं पडली. ऊस मात्र राहिला.

त्या उसाच्या पाण्यानं चोपण झालेलं रान एकदा पायाखालून घालावं. उन्हाळ्यात वर पांढुरका थर, पाऊस पडला की चिखल चिकट आणि पाणी वरच उभं. वाळलं की ढेकूळ असं कडक की नांगर आत जात नाही. प्रयोगशाळेत सामू साडेआठच्या वर निघतो. सोडियम मातीच्या कणांना धरून बसलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकून लावतं, पण हुसकलेला सोडियम वाहून जायला वाट लागते. चर नसेल तर जिप्समच्या गोण्या फुकट. आणि चर शेजाऱ्याच्या बांधापाशी अडला की रसायनशास्त्र संपून भावकी सुरू होते. हा विषय शिकवायचा तर या दोन्ही गोष्टी शिकवायला हव्यात. आपल्याकडं पहिलीच शिकवतात.

आज हे शिक्षण तुकड्यातुकड्यांत विखुरलं आहे. बारामतीचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठाला जोडलेलं; तिथं मृदविज्ञान हा बी.एस्सी. ॲग्रीचा एक भाग. मृद व जलसंधारण अभियांत्रिकी हवी तर राहुरीला, वनशास्त्र हवं तर दापोलीला किंवा अकोल्याला. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था पुण्यात, १९९३ पासून. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळं प्रत्येक पदवीला पर्यावरणाचा पेपर आला. मुलं तो आदल्या रात्री वाचून काढतात. सातव्या सत्रात कृषीदूत आणि कृषीकन्या गावात येतात, माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक होतं, बॅनरसह फोटो निघतो, स्थानिक पेपरात बातमी लागते. त्या मातीचा अहवाल शेतकऱ्याला कुणी समजावून सांगतं का, हे विचारायला हरकत नाही.

बारामतीजवळ माळेगावला २००९ मध्ये केंद्राची अजैविक ताणावर काम करणारी संशोधन संस्था आली, तीही मुद्दाम खडकाळ माळावर. मुरूम फोडून तिथं फळबागा उभ्या केल्या. कौतुकाचं काम आहे. पण माळ म्हणजे पडीक, त्याचं रान करायचं, ही समजूत सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चालत नाही. जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ माळावर चिंकारा राहतात. इंदापूरच्या कडबनवाडीलाही तसंच गवत, चिंकारा, लांडगे आणि धनगरांची मेंढरं. गवताळ माळावर झाडं लावून खड्डे मोजणं म्हणजे संवर्धन नाही, हे वनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी सांगायला हवं. तिकडं भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, आणि त्याच पाण्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणीही उतरतं.

आता नोकरीचं. मृद व जलसंधारण विभागानं २०२३ मध्ये ६७० जागा काढल्या, पदाचं नाव जलसंधारण अधिकारी (स्थापत्य). नावातला कंस वाचला की कळतं, बंधारा बांधणारा हवा आहे. बंधाऱ्याच्या वरची माती वाचणारा वेगळ्या परीक्षेला बसतो. कृषी सेवा आणि वनसेवा आहेत, जागा थोड्या. बाएफ, वॉटर यांसारख्या संस्था पाणलोटाचं काम जाणणारी मुलं घेतात. साखर कारखान्यांच्या माती प्रयोगशाळा आहेत, डिस्टिलरींना सांडपाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस लागतो. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं.

माझ्या मते या विषयातली पदवी घ्यावी, पण नुसत्या नावावर भुलू नये. प्रवेशाला जाल तेव्हा कॉलेजात दोनच गोष्टी विचारा: पहिल्या वर्षी मुलांना मातीचा खड्डा स्वतः खणायला लावता का, आणि कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा त्यांना पाटकऱ्याबरोबर शेवटच्या फाट्यापर्यंत पाठवता का. दोन्हीला नाही म्हणाले, तर फी भरण्याआधी दुसरं कॉलेज बघा.