पायाखालचे गणित (भाग ७) : स्प्रिंगचा आकडा कुठून येतो?

गेल्या भागात एक पाइल किती टन भार पेलू शकतो, याचा हिशेब मांडला होता. भार पेलता पेलता तो किती मिलिमीटर खाली जातो, हा प्रश्न तिथे बाजूला राहिला. आज तोच घेऊ. मुंबईतल्या एखाद्या चाळीस मजली इमारतीचे मॉडेल ईटॅब्स किंवा सेफ या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते, तेव्हा जमिनीखालचा सगळा पसारा एका रकान्यात गोळा होतो. भरावाची माती, तिच्याखालची खाडीची काळपट चिकणमाती, मग पिवळा मुरूम, कुजका खडक आणि शेवटी बरा बेसॉल्ट, हे सगळे दिसेनासे होते आणि प्रत्येक पाइलच्या जागी एक स्प्रिंग उरते. ती एक मिलिमीटर दबायला किती टन लागतील, एवढा एकच आकडा भरायचा असतो. व्यास, लांबी आणि काँक्रीटची ग्रेड कळली की तो ठरलाच, अशी समजूत सर्रास आढळते. माझे म्हणणे असे की हा आकडा एकट्या पाइलचा नाहीच. पाइल, भोवतालची जमीन, शेजारचे पाइल आणि भार किती व किती काळ राहणार, या सगळ्यांतून तो निघतो. म्हणून तिथे एक आकडा भरून मोकळे होण्यात धोका आहे. खालचा आणि वरचा असे दोन आकडे घेऊन दोन्हींची फळे पाहिली पाहिजेत.

आधी काँक्रीटची बाजू पाहू, कारण खात्री सर्वांत जास्त तिथेच वाटते. एक मीटर व्यासाचा, २० मीटर लांबीचा, एम ३५ काँक्रीटचा पाइल घ्या. आयएस ४५६ च्या सूत्राने ग्रेडच्या वर्गमुळाला ५००० ने गुणले की स्थितिस्थापकतेचा गुणांक २९,५८० मेगापास्कल येतो. नुसत्या खांबासारखा हिशेब केला तर एक मिलिमीटर दबायला सुमारे ११८ टन लागतात, म्हणजे ५०० टनांखाली पाइल ४.२ मिलिमीटर आखडेल. पण तेच आयएस ४५६ पुढे सांगते की प्रत्यक्ष मोजलेला गुणांक सूत्रापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो. तेव्हा २९,५८० मधले शेवटचे तीन अंक निव्वळ शोभेचे. त्यात भार कायमचा असेल तर काँक्रीट वर्षानुवर्षे सावकाश दबत राहते. २८ दिवसांच्या काँक्रीटवर भार आला तर याच संहितेतला क्रीपचा गुणांक १.६ आहे, म्हणजे दीर्घ मुदतीच्या हिशेबात २९,५८० ला २.६ ने भागायचे. आणि एवढे करूनही मुख्य गोष्ट राहतेच. ५०० टन तळापर्यंत पोहोचतात कुठे? वाटेत बाजूची जमीन घर्षणाने भार काढून घेते. वरपासून तळापर्यंत तो सारख्या दराने उतरून शून्यावर आला तर आखडणे थेट निम्मे, २.१ मिलिमीटर. उलट वरचे बहुतेक अंतर मऊ चिकणमातीचे असेल आणि सगळा भार तळच्या खडकातच जाणार असेल तर आकडा पुन्हा चारच्या आसपास. काँक्रीट तेच, सळई तीच, पण भोवतालची जमीन बदलली की उत्तर दुप्पट.

ओढ खाणाऱ्या पाइलची गोष्ट तर आणखी वेगळी. समुद्राजवळच्या खोल तळघरांना भूजल खालून उचलते आणि काही पाइल दबण्याऐवजी ताणले जातात. ताणात काँक्रीट तडकते. ते पूर्ण तडकले आणि सळई एक टक्का असली तर उरलेला ताठपणा मूळच्या सुमारे एक पंधरांश. दोन तडांमधले काँक्रीट थोडी साथ देते, म्हणून प्रत्यक्षातली घट इतकी टोकाची नसते. पण साधी रेषीय स्प्रिंग दाबात आणि ताणात एकाच आकड्याने वागते, आणि मॉडेल तिच्यावर निमूट विश्वास ठेवते.

आडव्या भाराकडे वळले की जमिनीचा वरचष्मा अधिकच उघड होतो. पाइलच्या अंगाला ठरावीक अंतरावर आडव्या स्प्रिंगा लावण्याची कल्पना मुळात एमिल विंकलर यांची, १८६७ मधली. आजची बरीच सॉफ्टवेअरही तिच्यावरच चालतात. जमिनीचा ताठपणा खोलीप्रमाणे बदलत नाही असे धरले (घट्ट चिकणमातीसाठी ते चालते) आणि डोके मोकळे असलेला लांब पाइल घेतला, तर पाइलचा वाकण्याला होणारा विरोध निम्मा केल्यावर डोक्याचे सरकणे १९ टक्के वाढते. जमिनीचा ताठपणा निम्मा केला तर मात्र ६८ टक्के. वाळूत ताठपणा खोलीबरोबर वाढत जातो, तिथे हेच आकडे ३२ आणि ५२ टक्के. आता आयएस २९११ चे कोष्टक उघडा: मध्यम घट्ट कोरड्या वाळूसाठी खालच्या आणि वरच्या मूल्यात तिप्पट अंतर आहे. एवढ्या अंतराने सरकणे जवळपास दुप्पट होते. असे असताना तडकलेल्या छेदाचा गुणक ०.७ घ्यायचा की ०.५, यावर बैठकी रंगतात आणि मातीचा आकडा जुन्या प्रकल्पाच्या फाइलमधून उचलला जातो, हे उलटे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: साइटवर लोड टेस्ट होतेच, मग अंदाज कशाला? टेस्ट हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण ती काय मोजते ते नीट पाहा. पाइलच्या डोक्यावर जॅक, त्यावर काँक्रीटच्या ठोकळ्यांचा ढीग, बाजूला स्वतंत्र टेकूंवर ठेवलेले डेटम बार आणि ०.०१ मिलिमीटर वाचणारे डायल गेज. रुटीन टेस्टमध्ये भार टप्प्याटप्प्याने कामाच्या भाराच्या दीडपटीपर्यंत नेतात. समजा २५० टनांना १.८, ५०० टनांना ५ आणि ७५० टनांना १० मिलिमीटर असे वाचन आले. ६०० मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाला मर्यादा १८ मिलिमीटरची, तेव्हा अहवालावर ‘पास’ पडेल आणि तो फाइलला लागेल. पण स्प्रिंगचा आकडा यातला कोणता? पहिल्या वाचनाप्रमाणे मिलिमीटरला १३९ टन, दुसऱ्याप्रमाणे १००, तिसऱ्याप्रमाणे ७५. बाजूचे घर्षण थोड्याशा हालचालीतच पुरे जागे होते, तळाला मात्र बराच दाब खावा लागतो, आणि बोअरच्या तळाशी गाळ राहिला असेल तर आणखी जास्त. त्यामुळे भार वाढेल तसा ताठपणा उतरतो. अहवालातला खरा ऐवज त्या वक्ररेषेत असतो, आणि मॉडेल करणाऱ्याच्या हाती बहुधा शिक्का मारलेले पहिले पानच पडते.

शिवाय टेस्ट एका पाइलची आणि काही तासांची. सॅन फ्रान्सिस्कोतला ५८ मजली मिलेनियम टॉवर २००९ मध्ये खुला झाला. त्याखाली साडेनऊशेच्या आसपास काँक्रीटचे पाइल आहेत. ते घट्ट वाळूच्या थरात थांबवले होते, खोलवरच्या खडकापर्यंत नेले नव्हते. त्या वाळूखाली जुन्या चिकणमातीचा जाड थर. २०१६ पर्यंत इमारत सुमारे ४० सेंटीमीटर खचली आणि कललीही. एकट्या पाइलने दिलेला दाब फार खोल जात नाही, तो वाळूतच जिरतो. शेकडो पाइल एकत्र आले की दाब समूहाच्या रुंदीइतका खोल उतरतो आणि तिथली चिकणमाती पाणी सोडत वर्षानुवर्षे दबत राहते. एका पाइलच्या चाचणीतून काढलेली स्प्रिंग साडेनऊशे ठिकाणी चिकटवली तर यातले काहीही स्क्रीनवर दिसणार नाही. पुढे दुरुस्तीसाठी नवे पाइल थेट खडकात उतरवावे लागले.

दुसरा आक्षेप तरुण इंजिनीयरांचा: स्प्रिंगा सोडा, प्लॅक्सिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये माती, खडक, पाइल, राफ्ट (पाइलांवरचा काँक्रीटचा जाड स्लॅब) सगळे त्रिमित उभे करा. शेजाऱ्यांचा परिणाम त्यात आपोआप येतो, ही गोष्ट खरी आणि मोलाची. मात्र अनिश्चितता त्यात मिटत नाही, ती स्प्रिंगच्या रकान्यातून मातीच्या थराच्या रकान्यात जाते. दुबईच्या बुर्ज खलिफाचा पाया ३.७ मीटर जाडीच्या राफ्टचा आणि दीड मीटर व्यासाच्या १९० हून अधिक पाइलांचा. त्याचे खचणे ॲबॅकस, रेप्युट, पिगलेट अशा वेगवेगळ्या साधनांनी काढले, तेव्हा उत्तरे सुमारे ४५ पासून ७० मिलिमीटरच्या पुढेपर्यंत पसरली होती. बांधकाम चालू असताना मोजलेले खचणे अंदाजापेक्षा कमीच भरले. इतकी चोख तपासणी आणि इतके अनुभवी लोक असतानाही जी तफावत उरते, ती आपल्या दोन-तीन बोअरच्या अहवालावर कमी कशी होईल?

राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप: मग आकडा कमी धरा, म्हणजे सुरक्षित. ताकदीच्या हिशेबात हे चालते, ताठपणाच्या हिशेबात चालत नाही. स्प्रिंग मऊ धरली की इमारतीचा झुलण्याचा काळ वाढतो, भूकंपाचे बल कागदावर घटते आणि खांब-भिंती हलक्या निघतात. ताठ धरली की बल वाढते, पण खचणे आणि सरकणे कमी दिसते. सगळ्या पाइलांना एकच आकडा दिला तर राफ्टचा मधला भाग जास्त खचतो आणि कडेचे पाइल जास्त भार ओढून घेतात, हेही मॉडेलमधून गायब होते. सुरक्षित बाजू कोणती, हे आपण कोणत्या धोक्याबद्दल विचारतो त्यावर ठरते. म्हणून निदान दोन फेऱ्या हव्यात: बल तपासायला वरचा आकडा, खचणे, सरकणे आणि राफ्टमधला वाक तपासायला खालचा. मातीचा सल्लागार पाइलवर येणारे भार पाहून स्प्रिंगा सुधारून देईल, त्या घातल्यावर भार पुन्हा बदलतील, आणि दोघांचे आकडे जुळेपर्यंत ही देवाणघेवाण चालू राहील. यासाठी संगणकाला काही मिनिटे लागतात; वेळ जातो तो दोन कार्यालयांमधल्या ईमेलींत, आणि ग्राहकाने त्या कामाचे पैसे वेगळे धरलेले नसतात. पुढच्या आठवड्यात आडव्या भाराची चाचणी आणि तिच्यातली ५ मिलिमीटरची मर्यादा.