कपाशीची मर: आधी खोड चिरून बघा

ऑगस्ट-सप्टेंबरात यवतमाळ-परभणीकडच्या शेतांचे फोटो थेट बिशानपर्यंत येतात. काल हिरवीगार असलेली कपाशी आज माना टाकून उभी, आणि खाली एकच ओळ : "मर आली, औषध सांग." नेटवर शोधलं तर फ्युझेरियम नावाची बुरशी सापडते, आणि बुरशीनाशकाचं नाव कळवून मोकळं व्हावंसं वाटतं. थोडं थांबा. 'मर' या एका शब्दाखाली दोन अगदी निराळे प्रकार मोडतात, आणि चुकीचं औषध म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया.

मलूल झालेलं एक झाड उपटून खोड उभं चिरायला सांगा. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर फ्युझेरियमची दाट शंका. ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते. आतला भाग स्वच्छ पांढरट, मुळं न कुजलेली, आणि झाडं एक-दोन दिवसांतच सुकली असतील, तर ती 'आकस्मिक मर'. हिच्यामागे बुरशी नाही, जंतूही नाही.

मग झाड सुकतं कशानं? पावसाचा मोठा खंड पडतो, जमीन तापते, आणि मग एकदम धो धो पाऊस येतो किंवा भरपूर पाणी दिलं जातं. बिशान पार्कातली कलांग नदी पावसात फुगते आणि थोड्या वेळात उतरते. तिचं काँक्रीटचं पात्र काढून 2012 साली तिला पसरायला जागा दिली, त्याचा हा फायदा. विदर्भ-मराठवाड्याच्या भारी काळ्या मातीत पाणी तुंबूनच राहतं. मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि चारही बाजूंनी पाणी असताना ती ओढू शकत नाहीत. वर ऊन पडलेलं असतं आणि पानांतून बाष्प उडतच असतं. फुला-बोंडांनी लदलेल्या झाडाला याचा फटका जास्त.

यात इथिलीन या वायूचाही हात असतो. गुदमरलेल्या मुळांत एसीसी नावाचं द्रव्य साठतं आणि वर पानांत जाऊन त्याचं इथिलीन बनतं. त्यानं पानं लोंबतात, पुढे गळतात. कोबाल्ट नेमकी हीच पायरी अडवतं. म्हणून लिटरला 10 मिलिग्रॅम कोबाल्ट क्लोराइडची फवारणी सांगतात. मात्र ती लक्षणं दिसल्यापासून काही तासांत व्हायला हवी. पानं वाळल्यावर उपयोग नाही.

त्याआधीचं काम साधं आहे : चर काढून पाणी बाहेर घालवायचं आणि वाफसा येताच हलकी खुरपणी करायची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून दर झाडाच्या बुडाशी 100 मिलि आळवणी आहे. बुरशी नसताना कॉपर कशाला? मुळं दुबळी झालेली असतात, तिथे दुसऱ्या कुणी बस्तान बसवू नये म्हणून. बरीच झाडं सावरतात, पण थोडी पातं-बोंडं गळतातच.

फ्युझेरियमचं तसं नाही. ती जमिनीत वर्षानुवर्षं टिकते आणि एकदा झाडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि पिकांची फेरपालट यांनी जोर थोडा कमी होतो, एवढंच. खरा उपाय बियाण्यात आहे. 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या बेटांवर ऑर्टन या शास्त्रज्ञानं मर लागलेल्या शेतातच कापूस पेरला आणि जी झाडं तगली त्यांचं बी पुढे नेलं. आपल्याकडेही याच विचारानं काम झालं. खानदेशात एके काळी घेतली जाणारी 'जरीला' ही मर सोसणारी देशी जात होती.

आज शेतात बहुतेक अमेरिकन जातकुळीचे बीटी संकर आहेत. भारतात आढळणारी फ्युझेरियमची जात त्यांना सहसा बाधत नाही. ती देशी कापसाच्या मागे लागते. (बीटीचा जनुक बोंडअळीसाठी आहे, मरीशी त्याचा काही संबंध नाही.) म्हणून संकरित कपाशी पावसानंतर अचानक सुकली असेल तर संशय आधी पाण्यावर घ्या. आणि घरचं कुणी पुन्हा देशी कापसाकडे वळत असेल, तर त्या शेतात पूर्वी मर होती का, हे बियाणं घेण्याआधी म्हाताऱ्यांना विचारायला सांगा.