माप कुणाचं?

शहापुरात गेली वीस वर्षं मी ब्लाउज शिवते. माहेर मुरबाडचं. मागच्या पौषात म्हशाच्या जत्रेहून परतताना आई आपली गल्लीच विसरली. भाऊ म्हणाला, "वय झालंय तिचं, चालायचंच!" मला पटेना. तिला घेऊन कल्याण गाठलं. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला.

फोटो पाहून ते म्हणाले, "मेंदू आकसलाय. पण बाहत्तराव्या वर्षी थोडं आकसणारच. किती म्हणजे जास्त, हा प्रश्न."

"मग ताडून कशाशी बघतात?" मी विचारलं.

तेव्हा कळलं, संशोधक मेंदूचाही नमुना बनवतात. अनेक निरोगी माणसांचे एमआरआय संगणकावर एकमेकांवर नीट बसवायचे आणि सरासरी मेंदू काढायचा. अगदी आपलं पेपर कटिंग! मग इतरांचे मेंदू त्यावर बेतून कुठला भाग किती कमी-जास्त, ते मोजायचं.

पण मैत्रिणींनो, माप कुणाचं? १९८८ चा एक गाजलेला नकाशा साठ वर्षांच्या एकाच फ्रेंच बाईच्या मेंदूवरून केलेला. पुढे कॅनडात ३०५ जणांचा नमुना झाला. त्यात २३९ पुरुष, बहुतेक सगळे तरुण. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांचा केला, वय २१ ते ३०. बंगळुरूच्या निम्हान्सने २०२० मध्ये वयानुसार पाच केले, पण ६ ते ६० वर्षांपर्यंतचे. माझ्या आईचं माप त्यात कुठे?

वयानं मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावतात. तरुण कटिंगवर बेतलं, तर साधं म्हातारपणही आजारासारखं दिसू शकतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे, तेही आपल्याकडच्या, एमआरआय जमवणं गरजेचं. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत बंगळुरूच्या आयआयएस्सीमधल्या मेंदू संशोधन केंद्राने असा अभ्यास हाती घेतलाय, ४५ वर्षांपुढच्या माणसांचा.

आईचं निदान मात्र नुसत्या फोटोवर झालं नाही. डॉक्टरांनी तिला कितीतरी प्रश्न विचारले, रक्त तपासलं, मग माझ्याकडे वळले, "वर्षापूर्वी काय जमायचं, आता काय अडतं?" मी सांगत गेले. दुधाचा हिशेब, भाजीतलं दुसऱ्यांदा पडलेलं मीठ, नातवाचं नाव. डिमेन्शियाची सुरुवात निघाली. औषधं चालू आहेत. भाऊ आता तिला एकटीला सोडत नाही.

संशोधकांचा नमुना होईल तेव्हा होईल. आपल्या आईचं, सासूचं कालचं माप आपल्याला ठाऊक असतं. "वय झालं" म्हणण्याआधी ते डॉक्टरांना जरूर सांगा.