टोक कुणी घासायचं?

घरातल्या हत्यारांमध्ये सर्वाधिक गैरवापर पेचकसाचा होतो. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला तो, दाराखाली पाचर म्हणून तो, भिंतीतली खुंटी हलवायला तो, आणि पटाशी सापडली नाही तर हातोडीखाली मार खायलाही तोच. स्क्रू फिरवणं उरलेल्या वेळात. त्यामुळे जुने पेचकस जमवणाऱ्याच्या हाती येणारा माल बहुधा जायबंदी असतो: टोकाचा एक कोपरा उडालेला, पातं जरासं पिळलेलं, मुठीचं डोकं ठोकून ठोकून पसरलेलं. नाणी किंवा तिकिटं जमवणारा माणूस आधी विचारतो, 'वस्तू मूळ स्थितीत आहे ना?' पेचकसाच्या बाबतीत मूळ स्थिती कशाला म्हणायचं, इथूनच भांडणाला सुरुवात होते.

या भांडणात माझी बाजू आधीच सांगतो. सपाट टोकाचा जुना पेचकस दुकानातून घरी आला, तेव्हा तो अर्धवटच होता. सुतारकामाची जुनी इंग्रजी पुस्तकं त्याचं टोक स्क्रूच्या खाचेप्रमाणे घासून घ्यायला सांगतात. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या पेचकसाला कानस लावणारा माणूस वारशाची नासधूस करत नाही. मूळ मालकाचंच राहिलेलं काम तो पुढे नेतो.

पेचकसाच्या इतिहासाकडे बराच काळ कुणी फारसं वळलं नव्हतं. 1999 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाने विटोल्ड रिबचिन्स्की या वास्तुतज्ज्ञ लेखकाला गेल्या हजार वर्षांतल्या सर्वोत्तम हत्याराविषयी लिहायला सांगितलं. त्याने शोधाशोध केली, तर करवत, रंधा, हातोडी, ओळंबा सगळीच हजार वर्षांहून जुनी निघाली. पेचकस सुचवला त्याच्या बायकोने. त्या लेखातून पुढच्याच वर्षी 'वन गुड टर्न' हे छोटंसं पुस्तक झालं. शोध घेत तो पोचला दक्षिण जर्मनीतल्या वोल्फएग किल्ल्यातल्या एका सचित्र हस्तलिखितापर्यंत. साधारण 1475 ते 1490 या काळातल्या त्या पोथीत स्क्रूचे आटे कापायचा लेथ काढलेला आहे आणि बेड्यांना बसवलेले खाचेचे स्क्रूही. पेचकसाची पहिली गिऱ्हाइकं सुतार नव्हती. ती होती चिलखतं, बंदुका आणि कुलपं घडवणारी मंडळी.

सुतारापर्यंत स्क्रू पोचायला उशीर झाला, कारण तो महाग होता. एकेक आटा हाताने कानशीने काढायचा आणि डोक्यावरची खाच करवतीने पाडायची. 1760 मध्ये स्टॅफर्डशरच्या जॉब आणि विल्यम वायट या भावांनी स्क्रू यंत्रावर कापायचं पेटंट घेतलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हेन्री मॉड्स्लेने आपला स्क्रू कापायचा लेथ उभा केला. तरीही लाकडाचा स्क्रू टोकाला बोथटच असायचा. आधी गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय तो आत शिरायचा नाही. अणकुचीदार स्क्रू यंत्रावर करण्याचं पेटंट अमेरिकेत टॉमस स्लोनने 1846 साली घेतलं. ते तंत्र इंग्लंडमध्ये आणलं बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डने आणि त्यासाठी पैसा घातला त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे चेंबरलेन घराण्याने. धंद्यावर लक्ष ठेवायला 1854 मध्ये अठरा वर्षांचा मुलगा बर्मिंगहॅमला पाठवण्यात आला. हाच जोसेफ चेंबरलेन, पुढे ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री. नेटलफोल्डचा धंदा 1902 साली गेस्ट आणि कीन यांच्यात मिसळला. त्याच वंशातल्या गेस्ट कीन विल्यम्सचा एक कारखाना आपल्या भांडुपला होता. 'जीकेडब्ल्यू'चे स्क्रू वापरलेला सुतार आजही भेटतो.

या सगळ्यात पेचकसवाल्याच्या कामाची गोष्ट एकच. स्क्रूच्या आट्यांना शिस्त लागली, तरी खाचेला ती कितीतरी उशिरा लागली. प्रत्येक मापाच्या स्क्रूची खाच वेगळी, त्यातही कारखान्यागणिक फरक. एकाच टोकाने सगळे स्क्रू नीट फिरणं शक्यच नव्हतं.

हे सर्वांत आधी आणि सर्वांत कडवेपणाने ओळखलं ते बंदूक घडवणाऱ्यांनी. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढ्यांच्या बंदुकीवरचा स्क्रू पाहा. डोक्यावर नक्षी, आणि खाच इतकी अरुंद की बाजारातला कुठलाही पेचकस तिच्यात शिरू नये. दिसणाऱ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या. टोक घसरलं तर नक्षीवर कायमचा ओरखडा, म्हणून तिथला कारागीर एकेका स्क्रूसाठी पातं घासून ठेवतो. घड्याळजीचंही तेच. त्याच्याकडे पात्याच्या रुंदीप्रमाणे मुठीवर रंगीत कडी असतात; 0.8 मिलिमीटरला पिवळं, 1.2 ला लाल. शेजारी तेलाचा दगड असतोच, कारण सकाळी घासलेलं टोक संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री तोही देत नाही.

आता त्या टोकाकडेच वळू. बाजारी पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. जोर लावला की पाचरीच्या तिरक्या बाजू खाचेच्या वरच्या कडांवर चढतात, आणि फिरवण्याच्या ताकदीतला काही भाग टोकाला खाचेबाहेर ढकलण्यात जातो. मग आपण आणखी दाबतो, टोक उडी मारतं, खाचेचे ओठ फाटतात. उपाय सोपा आहे. टोकाच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजू एकमेकींना समांतर करायच्या. बंदूकवाले त्यासाठी लहान व्यासाच्या चाकावर पातं आडवं धरून दोन्ही अंगांना किंचित खोलगट घासतात. जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी, रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी किंवा केसभर कमी. रुंदी जास्त झाली तर शेजारचं लाकूड कुरतडलं जातं. टोकाची कड मात्र धारदार करायची नाही. ती चौकोनीच हवी, कारण तिला कापायचं नसतं, चिकटून उभं राहायचं असतं.

इथे हौशी माणूस घाई करतो. विजेच्या चाकावर पातं टेकवलं की पातळ टोक क्षणात तापतं. जुन्या साध्या पोलादावर आधी फिकट पिवळा रंग येतो, साधारण 220 ते 230 अंश सेल्सिअसला. मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 च्या आसपास निळा. निळ्यापर्यंत पेचकसाचं फारसं बिघडत नाही, कारण त्याला मुळात पाणी दिलेलं असतं तेच जांभळ्या-निळ्याच्या आसपासचं. त्याला पटाशीइतका कडकपणा नको, चिवटपणा हवा. निळा जाऊन राखाडी आलं, की टोक मऊ पडलं समजावं. पुढच्या हट्टी स्क्रूवर ते मुरगळेल. म्हणून बोट भाजायच्या आत पाण्यात बुडवत राहायचं, किंवा सरळ कानस हातात घ्यायची. कानस टोकावरून नुसती घसरत असेल, तर पाणी शाबूत आहे. सहज चावत असेल, तर ते आधीच्या कुणा मालकाने घालवलेलं आहे.

घालवलेलं पाणी परत देता येतं, आणि या छंदातला सर्वांत रंगतदार भाग तोच. टोक लाल करायचं. चुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं. आता ते काचेसारखं ठिसूळ असतं. काचकागदाने घासून चकचकीत करायचं आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवत रंग टोकाकडे सरकताना पाहायचा. जांभळा टोकाला भिडला की पुन्हा पाण्यात. गावातल्या लोहाराला यात नवल वाटणार नाही. हे सगळं साध्या कार्बन पोलादाचं. क्रोम-व्हॅनेडियमच्या नव्या पात्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

संग्राहकांच्या लाडक्या जाती तशा थोड्याच. शेफील्डचा 'लंडन' घाटाचा टर्नस्क्रू: कमरेत बारीक होणारं चपटं पातं, बाजूंनी चपटी लाकडी मूठ, मध्ये पितळी कडं. कनेटिकट राज्यातल्या प्लांट्सव्हिलच्या एच. डी. स्मिथ कंपनीचे 'परफेक्ट हँडल': टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एकसंध घडीव पोलाद आणि दोन्ही अंगांना रिव्हेटने बसवलेल्या लाकडी पट्ट्या. हातोडीचा मार खायलाच जन्मलेला पेचकस कुठला असेल, तर हा.

आणि मग यांकी. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्सने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आणला. हीच कंपनी हाताने फिरवायची आइस्क्रीमची भांडीही बनवत असे, हे मला उगीचच आवडतं. यांकीच्या दांड्यावर डावे आणि उजवे असे दोन्ही आटे एकमेकांना छेदत कोरलेले असतात. मूठ पुढे ढकलली की दांडा आत जातो आणि टोक गरागरा फिरतं. एक लहानशी कळ सरकवली की फिरण्याची दिशा उलटी. मधोमध ठेवली की साधा पेचकस. 30 आणि 31 या क्रमांकांना परतीची स्प्रिंग नव्हती; 130 आणि 131 ला ती बसवली आणि मूठ आपोआप मागे येऊ लागली. 131 पूर्ण उघडला तर दोन फुटांच्या पुढे जातो. स्प्रिंग दाबून बंद केलेला यांकी चेहऱ्यासमोर धरून कळ सोडू नये. 1946 साली स्टॅनलीने नॉर्थ ब्रदर्स विकत घेतली आणि पुढची कित्येक वर्षं यांकी निघत राहिले. 1961 मध्ये ब्लॅक अँड डेकरने बॅटरीवरचं पहिलं ड्रिल काढलं, आणि यांकीचा शेवट दिसू लागला.

यांकीतला फेरबदल आज जवळपास अटळ आहे. त्याच्या बिटांची शेपटी आपल्या ओळखीची षटकोनी नव्हे. ती गोल, एका बाजूला सपाट आणि कडेला खाच असलेली, आणि मापही वेगवेगळं: 135 ला 7/32 इंच, 130 ला 9/32, 131 ला 5/16. जुनी बिटं संपली की हत्यार अडलं. म्हणून मोडक्या बिटाची शेपटी कापून तिच्यावर पाव इंची षटकोनी बिटधारक पितळाने जोडतात, किंवा तयार अडॅप्टर घेतात. आतलं वाळलेलं ग्रीस रॉकेलने धुऊन हलकं मशीनचं तेल दिलं की नव्वद वर्षांचा यांकी आजचा कुठलाही बिट फिरवतो.

यात एक गंमत आहे. पी. एल. रॉबर्टसन हा कॅनेडियन फिरता विक्रेता मॉन्ट्रियलमध्ये असाच एक स्प्रिंगचा पेचकस दाखवत असताना पातं घसरून त्याचा हात कापला, असं सांगतात. त्या रागातून त्याने चौकोनी खळग्याचा स्क्रू काढला आणि 1909 मध्ये पेटंट मिळवलं. ऑन्टारियोतल्या मिल्टन गावी कारखाना उभा राहिला, कॅनडातल्या फोर्डच्या गाड्यांत ते स्क्रू गेले. फोर्डला त्यावर हक्क हवे होते, रॉबर्टसनने नकार दिला. मैदान मारलं ते हेन्री फिलिप्सच्या चौफुली खाचेने: 1936 ला पेटंट, आणि कॅडिलॅकसारख्या गाड्यांत पाठोपाठ वापर. आज हौशी लोक यांकीला अडॅप्टर लावून त्यात नेमका रॉबर्टसनचा चौकोनी बिट घालतात, आणि तो घसरत नाही.

माझ्या मते खरा फरक या दोघांनी पाडला. टोक कसं असावं, हे तोवर स्क्रू फिरवणारा ठरवत होता. त्यानंतर ते पेटंट ठरवू लागलं. कारखान्याच्या साखळीवर त्याचा फायदा प्रचंड होता: टोक आपोआप मध्यभागी बसतं, यंत्राने फिरवता येतं. पण घासायचा अधिकार गेला, आणि त्याबरोबर घासायची सवयही. जपानी बनावटीच्या मोटरसायकलींच्या मेकॅनिकांना ती पुन्हा लागली. जपानी मानकाची चौफुली खाच दिसते फिलिप्ससारखी, पण आतला आकार वेगळा. फिलिप्सचं टोक तळाला पोचण्याआधीच अडतं, आणि इंजिनाच्या झाकणाचा स्क्रू 'गोल' होतो. जाणता मेकॅनिक पेचकसाच्या शेंड्याचा जरासा भाग घासून टाकतो, की तो खोल बसतो. स्क्रूच्या डोक्यावर छोटा ठिपका दिसला तर ती जपानी मानकाची खूण.

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पेचकस ढिगाने असतात. नवा घ्यायचा तर नागदेवी स्ट्रीट किंवा बोहरी आळी आहेच, आणि स्वीडनच्या बाहकोच्या सहकार्याने नाशिकला उभी राहिलेली टपारिया घराघरांत आहे. ढिगात मी आधी दांडा पाहतो. चौकोनी असेल तर त्याला पाना लावता येतो. गंज वरवरचा असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास पुरतात. पारदर्शक प्लास्टिकच्या जुन्या अमेरिकी मुठींवर मात्र पांढरी बुरशीसारखी साय चढते आणि खवट लोण्याचा वास येतो. ती बुरशी नसते. सेल्युलोज असिटेट ब्युटिरेट विघटताना ब्युटिरिक आम्ल सुटतं, आणि खवट लोण्यातही तेच असतं. साबणाने धुऊन उघड्यावर ठेवायचं. बंद डब्यात वास परत साचतो. विजेच्या कामाचे 1000 व्होल्टला तपासलेले आवरणाचे पेचकस मात्र कुणी कापू-घासू नयेत. तिथे आवरण हेच हत्यार आहे.

लाकडी मुठीचा प्रश्न अधिक नाजूक. इंग्लंडमधले कारागीर मुठीवर पोलादी ठशाने नाव उठवत. कधी एकाच मुठीवर दोन-तीन मालक असतात. काचकागद मारून, वर वॉर्निश चढवून ही मूठ 'नवी' करणारे लोक मला समजत नाहीत. पसरलेलं डोकं तासून घ्यावं, तडा भरावा, अळशीचं तेल पाजावं, नावाला हात लावू नये.

टोकाला तर मी लगेच हात लावत नाहीच. कोपरा उडालेला असेल तर गोष्ट वेगळी, पण टोक सरळ आणि चमत्कारिक मापाचं असेल, पातं आखूड, रुंद आणि पातळ केलेलं असेल, तर ते कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं. ग्राइंडर सुरू करण्याआधी त्या मापाची खाच शोधावी. शिलाई मशीन घरात असेल तर सुईखालच्या पट्टीचे स्क्रू आधी तपासावेत. बसक्या, रुंद डोक्याच्या त्या स्क्रूंना असंच आखूड पातं लागतं.