मोटारीचा हीटर आणि त्याच्या दोन नळ्या

हिवाळ्यात काश्मीरमधील रस्त्यांवर बर्फ साचलेला असतो. पण मोटारीत बसलेल्यांना मात्र ऊब मिळत असते. पेट्रोल किंवा डिझेलच्या मोटारीत या उबेसाठी सहसा निराळे इंधन जाळावे लागत नाही. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर जाते, तर काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. त्यातलेच थोडे पाणी एका रबरी नळीने हीटरच्या जाळीत नेतात, पंख्याने जाळीवरून हवा फुंकतात आणि दुसऱ्या नळीने पाणी पंपाकडे परत आणतात. म्हणजे हीटर हा एक छोटा रेडिएटरच! म्हणून तर घाट चढताना इंजिन फार तापू लागले, की अनुभवी चालक हीटर पूर्ण उघडतात.

या नळ्या जुन्या झाल्या की बदलाव्या लागतात. पण गरम इंजिनावरील नळी कधीही काढू नये. का, ते पाहू.

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. आतला दाब वाढल्यामुळे पाणी १०० अंश सेल्सिअसला न उकळता त्याहून अधिक तापू शकते. समजा, ते ११५ अंशांवर आहे आणि कोणी नळी ओढून काढली. दाब एकदम उतरतो. प्रत्येक लिटर पाण्यातील वरच्या १५ अंशांच्या उष्णतेने सुमारे २८ ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. एवढी वाफ ४५ लिटरांहून अधिक जागा व्यापते! तीच वाफ उकळते पाणी हातातोंडावर उडवते.

म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. मगच झाकणावर जाड फडके धरून ते हळूहळू उघडावे. पाणी हीटरच्या पातळीखाली येईपर्यंत भांड्यात काढून घ्यावे. त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. ते चवीला गोड, पण विषारी असते. म्हणून भांडे जनावरांपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावे.

आता नळीवरची क्लिप सैल करून मागे सरकवावी. नळी सरळ ओढू नये, हलकेच पिळून सोडवावी. तरीही ती निघत नसेल, तर जुनी नळी लांबीच्या दिशेने चिरावी. हीटरचे तोंड पातळ धातूचे असते. जोर लावल्यास तेच वाकते.

नवी नळी बसवताना तोंड स्वच्छ पुसून पाण्याने ओले करावे. तेल लावू नये. खनिज तेलाने रबर फुगते. धातूच्या तोंडावर एक उंचवटा असतो. नळी त्याच्या पुढे सरकवून क्लिप उंचवट्याच्या पलीकडे आवळावी, म्हणजे दाबाने नळी निसटत नाही. शेवटी पाणी भरून, हीटर उघडा ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. हे सारे जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे.

आता एक प्रश्न. इंजिन तापलेले आहे, हीटर उघडा आहे, एक नळी गरम आहे आणि दुसरी मात्र थंड. बिघाड कोठे असेल? गरम पाणी एका बाजूने येते, पण दुसऱ्या बाजूने बाहेर का पडत नाही, याचा विचार केलात की उत्तर सापडेल.