साधं की पॉवर?

कात्रजच्या जुन्या घाटात कार्ब्युरेटरवाली मारुती 800 चढवताना ऑक्टेन म्हणजे काय, ते कानाला कळतं. गाडी चालवत होते आमचे नेहमीचे मेकॅनिक. चढ लागला तरी त्यांनी मुद्दाम चौथा गिअर सोडला नाही. वेग पडत गेला, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज बॉनेटखालून येऊ लागला. "ऐकलंत? हे नॉकिंग," असं म्हणत त्यांनी गिअर उतरवला. आवाज थांबला.

पिस्टन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ती पोचण्याआधीच कडेचं मिश्रण दाबाने, उष्णतेने आपोआप पेटलं की इंजिन असं वाजतं. ओझं जास्त, फेरे कमी आणि वरून एप्रिलचं ऊन, म्हणजे त्याला आयतंच निमित्त. न पेटता दाब सोसायची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. ती मोजायला एक सिलिंडरचं खास इंजिन असतं, त्याचं कॉम्प्रेशन चालू असतानाच कमीजास्त करता येतं. आयसो-ऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला शून्य धरून या दोघांच्या मिश्रणाशी पेट्रोल ताडून पाहतात. 91 टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणाइतकंच जे टिकतं, ते 91 ऑक्टेन. या आकड्यात ऊर्जेचा हिशोब कुठेच नाही. आकडा वाढला म्हणून लिटरभर पेट्रोलात जास्त दम येत नाही.

जुन्या गाडीत नॉकिंग थांबवायला मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगीचं टायमिंग मागे घेत, तेही कानाच्या अंदाजाने. आमचे मेकॅनिक अजून टायमिंग लाइट हातात घ्यायच्या आधी तसंच करतात, आणि बहुतेक वेळा लाइट त्यांच्या बाजूने कौल देतो. आताच्या बहुतेक गाड्यांत हे काम इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर करतो. चाहूल लागली की संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. त्यामुळे साध्या हॅचबॅकचं कॉम्प्रेशनही 12 च्या आसपास नेता आलं. पेट्रोल कमी ऑक्टेनचं पडलं तर आवाज सहसा ऐकूच येत नाही. थोडी ओढ आणि थोडं ॲव्हरेज तेवढं जातं.

आता पंपावर या. "साहेब, साधं की पॉवर?" हा प्रश्न नोझल हातात घेऊनच विचारला जातो. मागे रांग असते, आपण झिरो बघत असतो, आणि घाईत 'पॉवर' म्हणून जातो. लिटरमागे काही रुपये वाढतात. 100 ऑक्टेनवाल्याचा भाव तर दीडशेच्या पुढे. पूर्वी आपलं साधं पेट्रोल 88 ऑक्टेनचं होतं, पुढे ते 91 झालं. आता 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते 95 वर गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयच सांगतं, कारण इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच शंभरच्या वर. म्हणजे महाग पेट्रोलच्या 95 च्या पाटीखाली जास्त पैसे मोजून आकडा तोच मिळतो. वर मिळतं ते इंजिन स्वच्छ ठेवायचं रसायन. ते हवं असेल तर खुशाल घ्या, पण ऑक्टेनच्या नावाने घेऊ नका.

इथेनॉलमुळे ॲव्हरेज उतरलं म्हणून महाग पेट्रोलकडे वळणारेही भेटतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन वाढवून ही तूट भरत नाही. जुन्या गाडीतले रबरी पाइप, सील यांची काळजी हाही वेगळा विषय, त्यालाही 'पॉवर' हे उत्तर नाही. टर्बो इंजिनाच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत 95 ची शिफारस असते, ती मात्र पाळावी. 100 ऑक्टेन हे खास इंजिनांचं काम आहे. ऑफिस, शाळा आणि मंडई एवढ्यात फिरणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

पंपावर तुम्ही फिल्टर पेपर मागू शकता, पाच लिटरचं माप मागू शकता, घनताही तपासून घेऊ शकता. ऑक्टेन तिथे तपासता येत नाही. म्हणून टाकीच्या झाकणावरचा आकडा किंवा गाडीची पुस्तिका एकदा वाचा आणि ती सांगते तेच भरा. बहुतेक घरच्या गाड्यांना ते साधंच असतं. चढावर इंजिन वाजलं तर आधी गिअर उतरवा. तरीही वाजत राहिलं तर पेट्रोल बदलण्याआधी सिलिंडरमधला कार्बन, प्लग आणि कूलंट दाखवून घ्या.